केजीआधी वाचन? आधी कान तयार होऊ द्या

ज्युनियर केजीआधी मुलाला वाचता यायलाच हवं का? अजिबात नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येसुद्धा ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय. घाई असते ती आपल्यालाच.

सुरुवात कानापासून. ‘मका, मासा, काडी’ म्हणा आणि वेगळ्या आवाजाने सुरू होणारा शब्द ओळखायला सांगा. रोज १० मिनिटं पुरे. हे जमलं की अक्षरं, पण तक्त्याच्या क्रमाने नकोत. ‘क कमळाचा’ घडाघडा म्हणणारं मूल सुटा ‘क’ दिसला की अडतं, कारण पाठ झालेली असते ती चाल. ग, म, न, र आणि फक्त काना घ्या: गार, मान, राग, नाग एवढ्यातच वाचता येतात. घ-ध, भ-म या सारख्या दिसणाऱ्या जोड्या मात्र एकत्र शिकवू नका, हमखास गल्लत होते. लिहिण्याची तर मुळीच घाई नको. तोवर बोटांना मटार सोलू द्या.