तुम्ही विचारलंत म्हणून: वजन तेवढंच आहे, मग दीड वर्ष जिममध्ये करतोय काय?

दीड वर्षापूर्वी ६४ किलो होतो, आजही ६४. सोसायटीत, ऑफिसात, मावशीकडे, सगळीकडे एकच, उतरलं किती? काहीच नाही म्हटलं की समोरचा जी कीव करतो ती आता सहन होत नाही, म्हणून एकदाच लिहितो.

वजन उतरवायचं नव्हतंच मला, चरबी उतरवायची होती. हातपाय काटक्या आणि पोटाचा घेर ९५ सेंटीमीटर, आपल्याकडच्या पुरुषांना ९० च्या वर धोका धरतात. आपल्या पुण्यातल्याच केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वजन-उंचीचा हिशोब दोघांनाही सारखंच सांगत होता.

अर्थात हे वाचून मी जिमला गेलो असं नाही, खोटं कशाला बोलू. वाचलं आणि सोडून दिलं. गेलो ते बाबांमुळे.

बाबा ५८ किलोचे, जन्मभर सडपातळ, शुगर मात्र वीस वर्षांची. एका पहाटे बाथरूममध्ये खाली बसले, पडले नाहीत, नुसते बसले आणि त्यांना उठताच येईना. मी काखेत हात घालून उचलायला गेलो, फरशी ओली, ते माझ्या गळ्याला धरून, दोनदा कसंबसं अर्धवट उठवलं आणि दोन्ही वेळा परत खाली ठेवावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणाले, "राहू दे रे, तुझी कंबर धरेल." शेवटी वॉचमनकाकांना वर बोलावलं, त्यांनी एका दमात उचललं, मी टॉवेल नीट गुंडाळायच्या आत. दिवसभर बाबा कोणाशी बोलले नाहीत. मीही नाही. त्यांच्या मांड्या मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितल्या, आणि रात्री आरशात माझ्या.

मग आठवड्यातून तीन दिवस स्क्वॉट, डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून उभं राहायचं), रोइंग. जेवण जवळपास तेवढंच, पण दिवसाला १०० ग्रॅम प्रोटीन, आणि वाटीभर वरणात जेमतेम पाच-सहा ग्रॅम असतं हे तेव्हा कळलं, म्हणून अंडी, पनीर, सोयाबीनच्या वड्या.

चौथ्या महिन्यात मीच डगमगलो. काटा हलेना म्हणून रात्रीचं जेवण बंद केलं, महिन्यात तीन किलो गेले, लोक खूश, आणि डेडलिफ्ट ५० किलोवरून ४० वर. म्हणजे जे कमवायला आलो होतो तेच जात होतं. तरी तेव्हाच्या मला मी पूर्ण चूक म्हणणार नाही, आधी थोडं वजन उतरवलं असतं तर पोट कदाचित लवकर गेलंही असतं. चरबी नेमकी किती गेली तेही मला सांगता येत नाही, ती टक्केवारी दाखवणारी मशीन पाणी कमीजास्त प्यायलं तरी आकडा बदलतात. माझ्याकडे टेप आहे. ९५ चे ८८ झालेत, डेडलिफ्ट ७० आहे. आणि हो, सकाळी काट्यावर मी अजूनही उभा राहतोच.

बाबा आता खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठतात, रोज, माझ्यासमोर. परवा तेच म्हणाले, "तुझं वजन काही हललं नाही की रे." त्यांना परत उचलून बघावं असं फार मनात येतं. अजून विचारलेलं नाही.