मुलांच्या खोलीतलं चुंबकीय क्षेत्र: मोजायचं कसं, आकडा वाचायचा कसा

फोनवर ईएमएफ (विद्युतचुंबकीय क्षेत्र) मोजणारं ॲप उघडलं की चाळीसच्या आसपास आकडा दिसतो आणि लोक घाबरतात. ते पृथ्वीचं स्थिर क्षेत्र आहे, मायक्रोटेस्लात. कॅन्सरच्या संदर्भात चर्चा होते ती विजेच्या तारांभोवतीच्या ५० हर्ट्झच्या क्षेत्राची, आणि त्यासाठी फोन भरवशाचा नाही.

ही चर्चा सुरू झाली १९७९ साली, अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये, वर्दायमर आणि लीपर यांच्या अभ्यासातून. पुढे २००० साली अनेक देशांतली माहिती एकत्र केली, तेव्हा सरासरी ०.४ मायक्रोटेस्ला किंवा त्याहून जास्त क्षेत्रात राहणाऱ्या मुलांत ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) साधारण दुप्पट दिसला. पण अशी मुलं शंभरात एकही नव्हती, आणि अभ्यासासाठी कुटुंबं निवडण्यातच खोट असण्याची शक्यता उरते. ५० हर्ट्झच्या ऊर्जेने डीएनए तुटत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांतही पुरेसा आधार मिळालेला नाही. म्हणून २००२ साली 'आयएआरसी' या कॅन्सर संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने याला २-ब गटात, म्हणजे 'कदाचित कॅन्सर होऊ शकतो' या गटात टाकलं. आमच्या मते मोजायचंच असेल तर फक्त मुलाच्या पलंगापाशी मोजा.

मीटर तीन अक्षांचा घ्या. एकाच अक्षाचा असेल तर तिन्ही दिशांना मोजा, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा. एकक मिलिगॉस असेल तर १० मिलिगॉस म्हणजे १ मायक्रोटेस्ला. उशीच्या उंचीवर, दुपारी आणि रात्री एसी चालू असताना, असं दोन्ही वेळा बघा. अभ्यासातला आकडा दीर्घ काळाच्या सरासरीचा आहे, एका क्षणाचा नव्हे.

आकडा जास्त आला तर मेन स्विच बंद करा. तरीही उतरला नाही तर कारण बाहेर आहे: खालची ट्रान्सफॉर्मर रूम, किंवा भिंतीपलीकडून वर जाणाऱ्या केबल. उतरला तर बहुतेक वेळा घरातलं एखादं उपकरण किंवा वायरिंग. वायरिंगमधला नेहमीचा दोष म्हणजे फेज एका सर्किटमधून आणि न्यूट्रल दुसऱ्यातून आणलेला असतो. जिन्याच्या टू-वे स्विचच्या जोडणीत हे बऱ्याचदा घडतं. जाणारा-येणारा प्रवाह शेजारी नसल्याने क्षेत्रं एकमेकांना रद्द करत नाहीत. परवानाधारक वायरमनकडून फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र क्लॅम्प मीटरमध्ये (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारा मीटर) धरून बघून घ्या, प्रवाह शून्य यायला हवा. याच दोषामुळे ईएलसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) सारखा पडतो आणि काही महाभाग तो काढूनच टाकतात. तो खरा जीवघेणा प्रकार.

ॲल्युमिनियम फॉइल आणि 'अँटी-रेडिएशन' स्टिकर यांनी हे क्षेत्र अडत नाही. पलंग जास्त आकडा दाखवणाऱ्या भिंतीपासून दीड-दोन मीटर सरकवा आणि पुन्हा मोजा.