मोम्बासा बंदरावर गाडीचं वय मोजतात

केनियात नव्यानं आलेल्या मराठी कुटुंबात लवकरच गाडीचा विषय निघतो. इथल्या रस्त्यांवरच्या बहुतेक गाड्या जपानमध्ये वापरून मग मोम्बासा बंदरात उतरलेल्या असतात. नैरोबीत यार्डातून, म्हणजे आणलेल्या गाड्या विकणाऱ्या आवारातून घ्या, नाहीतर थेट जपानहून मागवा. मागवायचं ठरलं की मंडळी रात्री जागून जाहिराती चाळतात आणि सगळं लक्ष किमतीवर. त्यांना मी कळकळीनं सांगतो, आधी तारखा बघा.

इथे आठ वर्षांचा नियम आहे, त्याहून जुनी गाडी देशात आणता येत नाही, आणि मोजणी कॅलेंडरच्या वर्षानं होते. उदाहरणार्थ, 2025 सालात पहिली नोंदणी 2018 किंवा त्यानंतरची असली तरच गाडी आत येत होती. म्हणजे जानेवारी 2018 ची चालली, डिसेंबर 2017 ची नाही. एका महिन्याचा फरक, पण गाडी बाद! शिवाय कारखान्यातून निघणं आणि पहिली नोंदणी यांत वर्षभरापेक्षा जास्त अंतर चालत नाही. जाहिरातीत मात्र नुसतं एक साल दिलेलं असतं. ते कसलं, हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या. चेसिस नंबरावरून उत्पादनाचा महिना काढता येतो, नोंदणीचा महिना जपानी कागदावर असतो. तिथे सन त्यांच्या शकात लिहितात: हेइसेई 30 म्हणजे 2018, आणि मे 2019 पासून रेइवा 1.

स्टिअरिंग उजवीकडेच हवं. जहाजावर चढण्याआधी जपानमध्येच तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळायला हवं. ते हाती आल्याशिवाय गाडी चढवू नका, विकणारा कितीही घाई करो.

सगळ्यात जपायचं ते वर्षअखेरीला. काठावरच्या सालाची गाडी, म्हणजे जिचं साल पुढच्या वर्षी नियमात बसणार नाही ती, 31 डिसेंबरच्या आत बंदरात पोचायला हवी. पैसे कधी भरले याला किंमत नाही. अशा गाड्या शरद ऋतूत स्वस्त दिसू लागतात आणि लोक भुलतात. जहाज रखडलं तर कष्टाचे पैसे अडकतात, परत पाठवायचा खर्चही मालकाच्याच माथी. ऑगस्टनंतर काठावरचं साल मी कुणालाच घेऊ देत नाही.

गावाकडचे विचारतात, आम्हालाही अशी मागवता येईल का? भारतात वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, ती फक्त मुंबई बंदरातूनच येते, आणि ड्युटी गाडीच्या किमतीलाही मागे टाकते.