आमची वाटचाल : ठरलेला विषय आणि आमचे पडदे

ज्या कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटकांचे पडदे रंगवले, तिथेच माझ्या वडिलांनी पडदे रंगवण्याचा कारखाना काढला. मांजरपाट (जाडे सुती कापड), सरस (रंग धरून ठेवणारा गोंद), खडूची पूड, काजळी, पिवडी (पिवळी माती) आणि गेरू एवढ्या सामानावर आमचे घर चालले. सरस रात्रभर भिजवून, पातेले गरम पाण्यात ठेवूनच वितळवावा. थेट जाळावर उकळला की त्याची पकड जाते आणि पडद्याची घडी घालताना रंग झडतो. हे आजही मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगतो.

२००५ च्या सुमारास फ्लेक्स आला आणि दोन वर्षांत आमचे काम निम्म्याहून खाली गेले. त्याचे मला दुःख झाले, पण राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. आमच्याच भागातील एका फ्लेक्सवाल्याने आमच्या दरबाराच्या पडद्याचा मांडवात फोटो काढला आणि तोच छापून तीन गणपती मंडळांना विकला. आमचे दोन जुने कारागीरही त्याच्याकडे गेले. त्या पावसाळ्यात आम्ही पायाडाचे बांबू विकून वीजबिल भरले.

अशा वेळी अण्णा आले. त्यांचे मंडळ वडिलांच्या काळापासूनचे गिऱ्हाईक होते आणि त्यांनी निम्मी रक्कम आगाऊ हातावर ठेवली. विषय मात्र तोच, शिवराज्याभिषेक. हा प्रसंग आम्ही त्याआधी चार वेळा रंगवला होता. चित्रकार म. वि. धुरंधरांच्या चित्रामुळे तर तो लोकांच्या डोळ्यांत पक्का बसला आहे. पाच दिवस मी कोऱ्या कापडावर चौकडी पाडून बसलो आणि एकही रेघ मनासारखी उतरली नाही.

सहाव्या दिवशी मी चित्रे पाहणे बंद केले आणि करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रजांच्या दूताने केलेले वर्णन वाचले. तो ६ जून १६७४ रोजी रायगडावर हजर होता. सिंहासनाजवळ भाल्याच्या टोकाला लावलेला सोन्याचा तराजू त्याने टिपला आहे, आणि दरवाजाशी शृंगारून उभे केलेले हत्ती एवढ्या अवघड गडावर चढवले तरी कसे, याचे त्याला नवल वाटले आहे. मला चित्र तिथेच सापडले. दरबार आतून दाखवायचाच नाही. दरवाजात उभे राहून, हत्तींच्या पाठींमधल्या फटीतून दूरचे सिंहासन पाहायचे. विषय ठरलेला असला तरी कुठे उभे राहून पाहायचे हे कोणी ठरवून दिलेले नसते, आणि नव्या चित्रकारांनी आधी तेवढेच शोधावे असे माझे मत आहे.

हत्तीच्या करड्या रंगासाठी काजळीत गेरू मिसळला आणि ओला रंग हवा त्यापेक्षा बराच गडद ठेवला, कारण सरसातला रंग वाळला की उजळतो. तराजूला मात्र खरा सोनेरी वर्ख लावला. पडदा चढला तेव्हा अण्णांनी विचारले, "महाराज कुठं आहेत?" मग ते चार पावले मागे सरकले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

पुढची वर्षे कामात गेली. शिवराज्याभिषेकाच्या त्या पडद्यात मी कारखान्याचे नाव हत्तीच्या झुलीवर, नक्षीतच गुंफले होते. त्याच्या पुढच्या गणपतीत त्याच फ्लेक्सवाल्याकडून हेच हत्ती दुसऱ्या मांडवात लागले. मी जवळ जाऊन पाहिले, तर झुलीवरची नक्षी काढून तिथे सपाट तांबडा रंग भरलेला होता.