गड्ड्याच्या सुट्टीत शून्यं भरताना

भोगी. रात्रीचे दहा.

सगळं सोलापूर आज गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, अक्षता टाकायला संमती कट्ट्यावर, आणि मी ऑफिसात माळावरच्या प्राण्यापक्ष्यांच्या नोंदवह्यांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन. खालचे यंत्रमाग गड्ड्यासाठी बंद. एरवी त्यांच्या खटखटाटानं टेबलावरचा चहासुद्धा थरथरतो. आईनं सकाळी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी बांधून दिली होती, ती खायला चार वाजले.

एवढी घाई का, तर मदतीला येणाऱ्या एका मुलानं गेल्या आठवड्यात मोठ्या उत्साहानं सांगितलं, "ताई, फाइल साफ केली. जिथं आकडा शून्य होता त्या सगळ्या ओळी उडवल्या. आता कशी पटकन उघडते बघा." खरंच पटकन उघडली. मी मात्र खुर्चीतच बसून राहिले. पोरगा कामसू आहे, त्याच्यावर चिडायलाही जीव होईना, कारण शून्याला हात लावायचा नाही हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कुणी म्हणजे मीच. बॅकअप सापडला तो ऑगस्टचा. त्यानंतरची शून्यं आता कागदावरून परत भरायची.

माळावर आमच्या ठरलेल्या लाइनी आहेत. पहाटे एकेका लाइनीवरून दोन किलोमीटर चालायचं, डावीउजवीकडे जे दिसेल ते लिहायचं. दहा फेऱ्या झाल्या आणि त्यातल्या चारच फेऱ्यांत मिळून साठ काळविटं दिसली, तर फेरीमागं सहा. सहा शून्यं काढून टाका, आकडा पंधरावर जातो. माळावर एक काळवीट वाढलेलं नसतं, कॉम्प्युटरमध्ये मात्र कळप अडीचपट. त्या पंधराचा आलेख बघून कुणी म्हणेल, छान चाललंय की, गवताच्या कामाला आता पैसे कशाला?

आणि रिकामा रकाना तर आणखी वेगळा. शून्य म्हणजे कुणीतरी अंधारात उठून, मोज्यात कुसळं भरून घेऊन, नीट बघून आलंय आणि ते जनावर दिसलेलं नाही. रिकामं म्हणजे कुणी गेलं नाही, किंवा गेलं आणि लिहायचं राहिलं. दोन्ही एकच समजलं की संपलं.

सगळ्यात जास्त शून्यं माळढोकच्या रकान्यात. हे अपेक्षितच होतं, तरी प्रत्येक पानावर बोट जरा थबकतं. सोलापूरजवळचं नान्नजचं अभयारण्य १९७९ साली झालं ते याच पक्ष्यासाठी. मादी साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुत्र्यांनी, गुरांच्या खुरांनी ते गेलं की बहुतेक वर्षच वाया. आता देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरलेत म्हणतात, त्यातले बहुतेक राजस्थानात. धनगर वस्तीवरची म्हातारी माणसं त्याला अजून हूम म्हणतात, नराच्या घुमण्यावरून. मी तो आवाज ऐकलेला नाही. मी फक्त त्याची शून्यं भरते. एका वहीत एका स्वयंसेवकानं त्या रकान्यात शून्याऐवजी 'आज पण नाही' असं लिहिलंय. त्या 'पण'साठी आमच्या फाइलमध्ये जागा नाही. शेरा म्हणून टाकलं.

दुपारी आणखी एक घोळ निघाला, आणि त्यावर एकटीच हसले. नकाशा उघडला तर मंगळवेढ्याच्या अलीकडे ठिपक्यांचा पुंजका. काळवीट, खोकड म्हणजे माळावरचा छोटा कोल्हा, भोवत्या आणि धाविक हे पक्षी, सगळे एका जागी. ज्वारीच्या काळ्या रानात माळावरच्या प्राण्यापक्ष्यांची एवढी यात्रा? काळवीट पिकात उतरतं, ते ठीक, पण शेऱ्यात लिहिलेलं, 'टॉवरच्या डाव्या हाताला'. टॉवर आहे नान्नजला. वही काढली. पानाच्या कोपऱ्यात शेंगाचटणीचं तेल मुरलेलं, आणि बारीक अक्षरात १७.५०, ७५.५१. म्हणजे १७ अंश ५० मिनिटं, ७५ अंश ५१ मिनिटं. लिहिणाऱ्यानं मधे टिंब दिलं, टाइप करणाऱ्यानं ते दशांशचिन्ह समजून जसंच्या तसं मारलं. अंशात मिनिटं साठ, तेव्हा पन्नास मिनिटं म्हणजे ०.८३ अंश. तेवढ्या एका टिंबापायी अख्खा कळप सुमारे पन्नास किलोमीटर नैर्ऋत्येला गेला, टोल न भरता. उद्यापासून वहीत अंश आणि मिनिटांना वेगळे चौकोन छापून घ्यायचे. हे पहिल्याच वर्षी करायला हवं होतं.

तारखांचंही तेच. ५/१२ लिहिलेलं पट्टकदंब कॉम्प्युटरनं १२ मे केलं. हिवाळ्यात हिमालयापलीकडून हिप्परग्याच्या तलावावर उतरणारे हंस, ते भर मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात काय करतील? ही चूक पक्ष्यामुळं पकडली गेली. टिटवी असती तर कुणाच्या लक्षात आलं असतं? ती बाराही महिने इथंच.

'अभयारण्यात आहे का' हा रकाना तर मी आज सोडूनच दिला. मूळ क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर, त्यात गावंच्या गावं, शहरं, बाजारपेठा. जमिनीच्या व्यवहारात अडचणी आल्या की लोक त्या बिचाऱ्या पक्ष्याच्या नावानं बोटं मोडायचे. नंतर ते १,२२२ वर आणलं. आता जुन्या काळात 'आत' असलेली नोंद त्याच जागी 'बाहेर' होते. खोकड जागचं हललेलं नाही, रेघ हलली. त्यामुळं हो-नाही न लिहिता कुठल्या सीमेनुसार तेही लिहावं लागणार. ते काम गड्डा उठल्यावर.

एक गोष्ट मात्र आज मनासारखी झाली. उपग्रहाच्या चित्रात माळ आणि पडीक रान सारखंच दिसतं, म्हणून आमच्या नकाशात निम्मी गवताळ जमीन 'पडीक' म्हणून पडली होती. सरकारी कागदातही बहुतेक माळ पडीकच, त्यामुळं तिथं झाडं लावायची हौस सगळ्यांना. आज दोन महिन्यांची चित्रं शेजारी ठेवली. आपल्याकडे ज्वारी रब्बीची. पावसाळ्यात रान मोकळं, तेव्हा माळ हिरवा. आता जानेवारीत ज्वारी हिरवी आणि माळ पिवळा. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली की गवत आपोआप वेगळं निघतं. उसाची आणि सोयाबीनची रानं गोंधळ घालतात, ती हातानं काढायची. हे शेतकऱ्याच्या पोराला विचारलं असतं तर त्यानं हुरडा खाता खाता सांगितलं असतं.

साडेआठला मामांचा फोन. मामा मेंढरं राखतात, आमचे सगळ्यात जुने नोंदकर्ते, लिहिता येत नाही म्हणून फोनवर सांगतात.

"पोरी, लांडगीन पिल्लं घिऊन भाईर आली की. चार हायती."

"कुठं मामा?"

"आपण च्या प्यालो न्हाई का, त्या लिंबाच्या फुडं. वघळीच्या कडंला."

गेल्या पावसाळ्यात याच लांडग्यांनी मामांची दोन कोकरं नेली. तरी गुहा कुठंय हे गावात ते कुणाला सांगत नाहीत. सांगितलं की कुणीतरी धूर करायला जातंच. मला सांगितलं ते या अटीवर, की 'तुझ्या त्या डब्यात घाल, पण कुणाला दावू नगं.' तेव्हा नोंद केली आणि 'लपवा'वर टिचकी मारली. बाहेरच्यांना नकाशावर दहा किलोमीटरचा एक चौकोन दिसेल, बस्स.

पण लिंबाचं झाड म्हणजे अक्षांश-रेखांश नव्हे. उद्या संक्रांत, घरी हळदीकुंकू, आई बोलणार. तरी पहाटे साडेपाचला निघून आठपर्यंत परत येता येईल. गुहेजवळ जायचं नाही, लिंबापाशीच उभं राहून जीपीएसच्या यंत्रावर जागा घ्यायची आणि अंतर मामांना विचारायचं. यंत्राचे सेल संपलेत. रस्त्यात एखादं दुकान उघडं असेल तर बरं, नाहीतर घरातल्या घड्याळाचे काढते.

नोव्हेंबरच्या दोन वह्या राहिल्या.