शहामृगाच्या पोशाखातला साहेब

आमच्या घरात गेले दोन महिने एक भांडण चालू आहे आणि त्याचा विषय आहे 'द ऑफिस' ही विनोदी टीव्ही मालिका. मूळ ब्रिटिश, मग तिच्यावरून केलेली अमेरिकन. यातली चांगली कुठली? लेक म्हणते अमेरिकन. मी म्हणते ब्रिटिश. नवरा म्हणतो, आवाज कमी करा, मॅच चालू आहे.

लेकीने अमेरिकन मालिका तीनदा बघितली आहे. 201 भाग, गुणिले तीन. जेवताना तेच, ताप आला की तेच, परीक्षेच्या आदल्या रात्री "डोकं शांत करायला" तेच. ब्रिटिश मालिका मी एकदाच बघितली, 2007 साली, आणि तीसुद्धा मालिका जिथे घडते त्या गावात बसून. गाव स्लाऊ. स्पेलिंग बघून मी पहिले चार दिवस 'स्लफ' म्हणत होते. शेवटी बस ड्रायव्हरनेच सुधारलं.

पुण्याहून निघताना सगळ्यांना मी 'लंडनला चाललेय' असं सांगितलं होतं. खरं तर हीथ्रोच्या पलीकडचं हे गाव. क्लायंटच्या ऑफिसात टेस्टिंगचं काम, सात महिने. हॉर्लिक्सचा लाल विटांचा जुना कारखाना याच गावात, मार्स चॉकलेटचाही इथेच. जॉन बेचमन नावाच्या कवीने 1937 साली कवितेत चक्क बॉम्बना आमंत्रण दिलं होतं, या, स्लाऊवर पडा म्हणून. गावातल्या लोकांना ती ओळ पाठ आहे आणि पाहुण्याला ती ऐकवण्यात त्यांना एक विचित्र आनंदही वाटतो. शेजारच्या डेस्कवरच्या बाईंनी दुसऱ्याच आठवड्यात डीव्हीडी माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, आपल्याच गावावर आहे, बघ.

मी हसायच्या तयारीने बसले आणि पहिल्या भागात एकदाही हसले नाही. कागद विकणारी एक कंपनी, तिची स्लाऊची शाखा, तिथला मॅनेजर डेव्हिड ब्रेंट. कॅमेरा समोर आहे म्हणून सतत विनोद करणारा. विनोद झाला की तो कॅमेऱ्याकडे बघतो. कोणी हसत नाही. मग नुसतं फोटोकॉपी मशीन दिसतं, कागद बाहेर पडताना. पाच-सहा सेकंद काहीच नाही. त्या पाच-सहा सेकंदांत मला माझी तोवरची सगळी ऑफिसं आठवली.

अमेरिकन मालिकेचा पहिला भाग, 24 मार्च 2005 चा, जवळजवळ याच संहितेवर केलेला आहे. स्टेपलर जेलीत घालून ठेवण्याची खोडी तीच. रिसेप्शनवरच्या मुलीला चोरीचा खोटा आरोप करून 'तुला काढून टाकतोय' असं गमतीत सांगणं, तेही तेच. दोन्हीकडे ती मुलगी रडते. स्लाऊमधली डॉन मग साहेबाला तोंडावर एक अस्सल इंग्रजी शिवी हासडते. अमेरिकन मालिका घडते त्या स्क्रँटनमधली पॅम आपल्या साहेबाला फक्त 'जर्क' म्हणते. मी लेकीला दोन्ही प्रसंग लागोपाठ दाखवले. ती म्हणाली, "हे काय, शिवी बदलली एवढंच ना?" एवढंच नाही ना गं. डॉनने दिलेल्या शिवीनंतर त्या माणसाला परत वर आणता येत नाही. 'जर्क'नंतर येतं.

आणि साहेबाला वर आणणं अमेरिकनांना भागच होतं. बीबीसीने 2001 ते 2003 मध्ये मिळून 14 भाग दाखवले: सहा, सहा आणि ख्रिसमसचे दोन. रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट या दोघांनीच ते लिहिले, दिग्दर्शनही त्यांचंच, आणि गाडी भरात असताना थांबवली. मध्ये जाहिराती नाहीत, त्यामुळे एक भाग अर्ध्या तासाला जेमतेम मिनिटभर कमी. एनबीसी या अमेरिकन चॅनेलवर त्याच अर्ध्या तासातली सात-आठ मिनिटं जाहिरातवाले नेतात. माझ्या मते फोटोकॉपी मशीनची ती शांतता त्यातच गेली. शिवाय तिथे लेखकांची अख्खी फौज बसवून वर्षाला वीस-बावीस भाग काढायचे, आणि मालिका चालली तर वर्षानुवर्षं काढत राहायचे. डेव्हिड ब्रेंट 14 भागांपुरता पाहुणा आहे. आला, अवघडून टाकलं, गेला. अमेरिकन मालिकेतला मॅनेजर मायकेल स्कॉट दर गुरुवारी घरी जेवायला येणार. असा माणूस नुसता असह्य असून कसं चालेल?

म्हणून दुसऱ्या सीझनपासून अमेरिकन मालिका उभी करणाऱ्या ग्रेग डॅनियल्स आणि मंडळींनी त्याची डागडुजी केली. पहिल्या सीझनमध्ये मायकेलचं काम करणाऱ्या स्टीव्ह करेलचे केस मागे चापून बसवलेले, कपाळ मोठं. दुसऱ्यात केस एकदम दाट आणि मोकळे! आमच्या लेकीला हे मी दाखवेपर्यंत दिसलंच नव्हतं, याचा मला अजून अभिमान आहे. पण खरी दुरुस्ती केसांत नाही. मायकेल मूर्खच राहतो, फक्त त्याचा मूर्खपणा आता एकटेपणातून येतो, आणि मधूनमधून तो एखादी गोष्ट अशी करतो की मागचं सगळं माफ.

लेकीचा हुकमी एक्का म्हणजे तिसऱ्या सीझनमधला चित्रप्रदर्शनाचा प्रसंग. पॅमने काढलेली जलरंगातली चित्रं भिंतीवर आहेत आणि ऑफिसातलं जवळचं असं कोणी आलेलं नाही. जे आले त्यांनी नाकं मुरडली. ती आवरायला घेते तेवढ्यात मायकेल धापा टाकत येतो आणि आपल्या ऑफिसच्या इमारतीच्या चित्रापुढे उभा राहतो. साधी, चौकोनी, कंटाळवाणी इमारत. त्याला ते चित्र मनापासून आवडतं. किती अभिमान वाटतो, असं म्हणून तो ते विकत घेतो. पॅम त्याला मिठी मारते. ते चित्र मग ऑफिसच्या भिंतीवर लागतं ते 2013 च्या शेवटच्या भागापर्यंत. हे बघताना मीही रडले, खोटं कशाला बोलू. कांदा चिरत नव्हते.

पण ब्रेंटला असं चित्र कोणी विकत घेऊ दिलं नसतं.

या सगळ्याला 'अमेरिकन लोकांना विनोद कळत नाही' म्हणून उडवून लावणारी एक जमात आहे, स्लाऊच्या ऑफिसातही होती. त्यांच्याशी माझं जमत नाही. अहो, इंग्रजांच्या 'टिल डेथ अस डू पार्ट'मधला खडूस, वंशद्वेष्टा म्हातारा अमेरिकन निर्माता नॉर्मन लिअरने 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये नेऊन बसवला आणि त्यातून 'ऑल इन द फॅमिली' उभी राहिली. तिथेही म्हाताऱ्याला थोडी माया लावली, पण भांडणं खरी ठेवली. ते रूपांतर. उलट 'फॉल्टी टॉवर्स'चं बघा. हॉटेलमालक बेसिल फॉल्टी म्हणजे ती मालिका. 1983 मध्ये अमेरिकनांनी तिच्यावरून 'अमांडाज' काढली आणि त्यातून बेसिललाच वगळलं! मालकीणबाई आणल्या. अत्र्यांनी 'चार्लीज आँट'वरून 'मोरूची मावशी' केलं तेव्हा मावशीच काढून टाकली असती तर?

लेकीचा आणखी एक मुद्दा आहे, आणि तो मला खोडता येत नाही. अमेरिकन 'ऑफिस'मध्ये केली कपूर ही भारतीय वंशाची मुलगी आहे. ते काम करणारी मिंडी केलिंग मालिकेच्या लेखकांपैकीच, आणि 2006 मध्ये तिने दिवाळीवर अख्खा भाग लिहिला. माझ्या स्लाऊमध्ये हाय स्ट्रीटवर मला कढीपत्ता मिळत होता, बसमध्ये अर्धी बस पंजाबीत बोलत होती. ब्रेंटच्या स्लाऊमध्ये आपल्यासारखी माणसं शोधावी लागतात. चित्रणही तिथलं नाहीच म्हणा. शीर्षकापुरतं स्लाऊचं बसस्थानक आणि चौक, आतलं ऑफिस टेडिंग्टनच्या स्टुडिओत. स्क्रँटनचीही तीच गत. दीर न्यू जर्सीत असतो. 2019 मध्ये लेकीच्या हट्टापायी आम्ही दोन तास गाडी हाकत पेनसिल्व्हेनियात गेलो. शीर्षकात दिसतो तो कागद कंपनीचा मनोरा खराच आहे, तिने त्याचे चाळीस फोटो काढले. बाकी ऑफिस लॉस एंजेलिसला. "म्हणजे आपण कशासाठी आलो?" असं दिराने विचारलं आणि कोणी उत्तर दिलं नाही.

तर, मला ब्रिटिशच का. तिच्या दुसऱ्या सीझनमधला पाचवा भाग. चॅरिटीचा दिवस आहे, ऑफिसात सगळे चित्रविचित्र कपड्यांत. ब्रेंटने शहामृगावर स्वार झाल्यासारखा पोशाख घातलाय: स्वतःचे पाय हे पक्ष्याचे पाय, आणि दोन खोटे पाय बाजूंना लोंबकळताहेत. वरच्या ऑफिसचे दोघे येतात, त्याला खोलीत बोलावतात आणि सांगतात, तुझी नोकरी गेली. तो तसाच, शहामृगासकट, ऐकतो. संगीत नाही. मिठी नाही.

2009 च्या मंदीत आमच्या पुण्यातल्या ऑफिसात 'ट्रॅडिशनल डे' होता. आमचे मॅनेजर धोतर आणि भगवा फेटा घालून आले होते. फेटेवाला बोलावून बांधून घेतलेला, मागे लांब शेमला. सकाळपासून सगळ्यांबरोबर फोटो. ब्रेंटसारखेच होते ते, प्रत्येक मीटिंगमध्ये तेच दोन विनोद. मी त्यांना मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्या होत्या. अकरा वाजता एचआरने त्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. काच असल्यामुळे आम्हाला सगळं दिसत होतं आणि काही ऐकू येत नव्हतं. ते मान हलवत होते, आणि मान हलली की शेमला हलत होता. एचआरची मुलगी नऊवारीत होती. बाहेर कॉरिडॉरमध्ये कोणीतरी ढोल वाजवत होतं.

गेल्या रविवारी लेकीला शेवटी तो पाचवा भाग दाखवला. तिने मोबाइल खाली ठेवला, हे मी टिपून ठेवलंय. संपल्यावर थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आई, तो त्याच कपड्यांत घरी गेला असेल?"

त्याचं मला माहीत नाही, म्हटलं. आमचे साहेब रिक्षाने गेले. फेटा काढून मांडीवर ठेवला होता, दोन्ही हातांनी धरून, मोडू नये म्हणून.