नव्या पीसीवर जुनी एमडीबी उघडेना: ॲक्सेसच्या लॉगिनचा गुंता

एका पतसंस्थेची सभासद-नोंदींची फाईल मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस 2003 या डेटाबेस प्रोग्राममध्ये केलेली होती. वापरकर्त्यागणिक परवानग्या लावलेल्या, स्वरूप एमडीबी, म्हणजे ॲक्सेसच्या जुन्या डेटाबेस फाईलचं. कार्यालयात नवे संगणक आले, त्यांवर ॲक्सेस 2016 बसवलं, फाईल कॉपी केली आणि डबल क्लिक केल्यावर त्रुटी 3033 आली: परवानगी नाही. सगळ्यांचा पहिला अंदाज, कुणीतरी पासवर्ड बदललाय. पण पासवर्ड विचारणारी चौकट आलीच नव्हती. ती न येता 3033 आली, तर पासवर्डच्या मागे लागण्यात अर्थ नसतो.

ॲक्सेसची ही सुरक्षा दोन फायलींत विभागलेली असते. वापरकर्ते, गट आणि पासवर्ड वर्कग्रुप फायलीत, म्हणजे एमडीडब्ल्यूमध्ये. कोणाला कुठल्या टेबलावर काय करता येतं ते मात्र एमडीबीत, आणि तेही नावाने नाही, एसआयडी या आतल्या ओळख-क्रमांकाने. नव्या पीसीवर ॲक्सेस आपली कोरी सिस्टिम डॉट एमडीडब्ल्यू वापरतं आणि तुम्हाला न विचारता ॲडमिन या नावाने, रिकाम्या पासवर्डने आत नेतं. जुन्या एमडीबीत या ॲडमिनला काहीच हक्क ठेवलेले नसतात.

म्हणून मी आधी कुठली एमडीडब्ल्यू लागू आहे ते पाहतो. एक रिकामी एमडीबी उघडायची, कंट्रोल आणि जी दाबून इमिजिएट विंडो (आज्ञा लिहून लगेच उत्तर मिळणारी खिडकी) आणायची आणि प्रश्नचिन्हापुढे सिसकमांड(13) (त्यातलं ‘कमांड’ इंग्रजीत फक्त सी-एम-डी) लिहून एंटर मारायचं. वर्कग्रुप फायलीचा पूर्ण मार्ग दिसतो. तसंच करंटयूजर() विचारलं की आपण कोण म्हणून आत आहोत ते कळतं. इथे उत्तर अपेक्षित तेच आलं: प्रोफाईलच्या ॲपडेटा-रोमिंग फोल्डरातली कोरी फाईल, वापरकर्ता ॲडमिन.

मूळ एमडीडब्ल्यू शोधायची सोपी जागा म्हणजे जुन्या पीसीवरच्या शॉर्टकटची टार्गेट ओळ. इथे जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट झालेली होती, त्यामुळे तो रस्ता बंद. सुदैवाने सिक्युरिटी विझार्डने (परवानग्या लावून देणाऱ्या ॲक्सेसच्या साधनाने) शेवटी दिलेला अहवाल कुणीतरी छापून ऑडिटच्या फायलीत लावून ठेवला होता. त्या कागदावर वर्कग्रुपचं नाव, संस्था, वर्कग्रुप आयडी आणि प्रत्येक वापरकर्त्याचा व गटाचा पीआयडी, म्हणजे तो तयार करताना दिलेला ओळख-संकेत, होता. असा कागद तिजोरीत ठेवायचा असतो, पण नसण्यापेक्षा ऑडिटची फाईल बरी.

एवढं हाती असेल तर एमडीडब्ल्यू पुन्हा जशीच्या तशी उभी करता येते. ती बनवणारा वर्कग्रुप ॲडमिनिस्ट्रेटर ॲक्सेस 2007 पासून मेनूत दिसत नाही. डूकमांडच्या रनकमांडने तो इमिजिएट विंडोतून बोलवावा लागतो. नाव, संस्था आणि वर्कग्रुप आयडी कागदावर आहेत तसेच, लहान-मोठ्या अक्षरांसकट टाकायचे, कारण ॲडमिन्स या व्यवस्थापकांच्या गटाची ओळख या तिन्हींतून तयार होते. एखादी स्पेस इकडची तिकडे झाली तरी कुठलीही तक्रार न करता फाईल बनते, फक्त तो गट जुना गट राहत नाही. मग एमडीबी उघडून फाईल, इन्फो, यूजर्स अँड परमिशन्स या वाटेने वापरकर्ते आणि गट तयार करायचे. पीआयडी 4 ते 20 अक्षरांचा असतो आणि पासवर्डशी त्याचा काही संबंध नाही. नाव तेच पण पीआयडी वेगळा दिला तर एमडीबीच्या लेखी तो परकाच माणूस. पासवर्ड मात्र परत येत नाहीत. सगळे रिकाम्यापासून सुरू होतात. कोण कुठल्या गटात, हेही नव्याने भरावं लागतं. शेवटी ॲडमिन या मूळ वापरकर्त्याला पासवर्ड लावायचा; तो लावल्याशिवाय लॉगिनची चौकट येतच नाही.

ही फाईल पीसीची कायमची वर्कग्रुप फाईल करू नका. तसं केलं की त्या पीसीवरची प्रत्येक ॲक्सेस फाईल लॉगिन मागू लागते. त्यापेक्षा शॉर्टकट करावा: आधी ॲक्सेसच्या एक्झीचा (प्रोग्राम फाईलचा) मार्ग, मग एमडीबीचा, मग तिरकी रेघ जोडून वर्कग्रुपचा स्विच (इंग्रजी स्पेलिंगमधले स्वर गाळून उरतात ती सहा अक्षरं) आणि शेवटी एमडीडब्ल्यूचा मार्ग. प्रत्येक मार्ग दुहेरी अवतरणात. ड्राइव्हच्या अक्षराऐवजी सर्व्हरचं नाव असलेला नेटवर्क मार्ग दिला की एका पीसीवर झेड आणि दुसऱ्यावर वाय असला प्रकार आड येत नाही.

त्यानंतर 3028 आली तर एमडीडब्ल्यू सापडत नाही किंवा कुणी ती एकट्यापुरती उघडून बसलंय. फोल्डरचे हक्कही तपासा: दोन्ही फायलींच्या फोल्डरात प्रत्येकाला वाचणं, लिहिणं, नवी फाईल बनवणं आणि काढणं जमलं पाहिजे, कारण फाईल उघडताच एलडीबी ही लॉक फाईल तिथे तयार होते.

3029 आली की मात्र खरोखर नाव किंवा पासवर्ड चुकलेला असतो. पासवर्ड जास्तीत जास्त 14 अक्षरांचा, आणि त्यात लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात. आपल्याकडे आणखी एक कारण हमखास निघतं: कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो आणि पासवर्डच्या चौकोनात फक्त फुल्या दिसत असल्याने कळत नाही. विंडोजच्या टास्कबारवर भाषा बघून मगच पुढे जावं. विसरलेला पासवर्ड ॲडमिन्स गटातला माणूस क्लिअर पासवर्डने पुसू शकतो, पण दुसऱ्याला नवा लावून देऊ शकत नाही. तो ज्याचा त्याने आत येऊन लावायचा.

लॉगिन झालं, फॉर्म उघडला, आणि नोंदी वाचताना 3112 आली. टेबलं वेगळ्या बॅक-एंड एमडीबीत, म्हणजे फक्त नोंदी ठेवणाऱ्या फायलीत होती आणि तिथून जोडलेली होती. फ्रंट-एंडचे, म्हणजे फॉर्म असलेल्या फायलीचे हक्क तिकडे आपोआप जात नाहीत. बॅक-एंड डेटाबेसवर ओपन-रन (उघडण्याचा हक्क) आणि टेबलांवर वाचण्याचा हक्क गटाला दिल्यावर ते सुटलं. हक्क गटालाच द्यावेत. एकेका माणसाला वाटलेले हक्क पुढे कुणालाच निस्तरता येत नाहीत.

सगळं चालू झाल्यावर उलटी चाचणी करायची: तीच एमडीबी कोऱ्या सिस्टिम डॉट एमडीडब्ल्यूने उघडून बघायची. उघडली, तर ॲडमिनकडे मालकी राहिली आहे किंवा यूजर्स गटाला हक्क आहेत, आणि हे दोघे जगातल्या प्रत्येक एमडीडब्ल्यूत सारखेच असतात. डेटाबेसची मालकी चौकटीतून बदलता येत नाही. नव्या मालकाच्या नावाने लॉगिन करून, रिकामी एमडीबी बनवून सगळं तिच्यात इम्पोर्ट करावं लागतं.

पतसंस्थेला मी एसीसीडीबी या ॲक्सेसच्या नव्या फाईल-स्वरूपावर जायला सांगितलं आहे, पण घाईने नाही. त्या स्वरूपात ही वापरकर्त्यागणिक सुरक्षा मुळातच नाही, त्यामुळे रूपांतर करण्याआधी कोणाला काय दिसावं हे ठरवणारं काम फॉर्म आणि कोडमध्ये नव्याने बांधावं लागेल. तोवर एमडीडब्ल्यूची एक प्रत एमडीबीच्या रोजच्या बॅकअपमध्ये जाते.